एका सुराच्या मावशी

मावशींचा घसा बसला तो एका साध्या तापात. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाला चव आली, पण बसलेला घसा काही उठायचं नाव घेईना. तसं बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं होतं. याचं घरात नणंदेला थोडं वाईटच वाटलं असावं. गेलं ते गाणं. तेही सगळं गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. एका सकाळी चहाचं आधण ठेवताना मावशी सवयीने एक गीत गुणगुणायला गेल्या, तर साऱ्या गीतात मिळून एकच सूर लागला. वरचे गेले, खालचे गेले, मधला एक तेवढा जागेवर राहिला. पूर ओसरल्यावर अख्ख्या घरातली नुसती दाराची चौकट उभी राहावी, तसा.

घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. "बोलता येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी बॅटरी विझवली.

मावशी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होत्या. घर म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात त्या आणि त्यांची थोरली नणंद. ज्याच्यामुळे या दोघी एकमेकींच्या नात्यात आल्या तो केव्हाच देवाघरी गेला होता, आणि जाताना नातं मात्र मागे ठेवून गेला होता. पोटी मूल नाही, भाऊबंद नाहीत. आठवडाभर वाफ आणि रविवारी चर्चमध्ये गाणारी क्वायर, एवढाच त्यांचा संसार. लग्न होऊन आल्यापासून त्या क्वायरमध्ये होत्या. खिडकीपासूनची दुसरी जागा त्यांची. त्या जागेवर दुसरं कोणी चुकून उभं राहिलं, तर मावशी काही बोलत नसत. नुसत्या शेजारी येऊन उभ्या राहत आणि त्या माणसाला आपोआप गुदमरायला होई.

एकच सूर उरला हे खरं तर क्वायरला सांगून टाकायला हवं होतं. मावशींनी सांगितलं नाही. सांगितलं की जागा जाणार. आणि न सांगता तेवढा एकच सूर गावा म्हटलं, तर तेही धजेना. देवाला एक सूर द्यायचा म्हणजे पाहुण्याला कप न देता नुसती बशी पुढे करायची. शिवाय तो सूर मधूनच एकटा बाहेर पडणार. तोंडात एकच दात असलेल्या माणसाने जपून हसावं, तसं मावशींनी जपून गायचं ठरवलं. इतकं जपून, की आवाज बिलकूल बाहेर पडू नये. शब्द तोंडपाठ होते. मावशी तोंड उघडत, मिटत, मान डोलावत आणि एकही सूर न काढता गीत शेवटाला नेत. आपला तो सूर वाटेत आला की गिळून टाकत.

हे खपून गेलं असतं. पण क्वायरचे प्रमुख होते दातांचे डॉक्टर.

चर्चचं छप्पर काढून नवं घालायचं काम चालू होतं, म्हणून सराव डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत होई. एका भिंतीवर मोठाल्या दाढांचं चित्र, कोपऱ्यात माशांची काचपेटी, आणि मधे गुबगुबीत सोफे भिंतीला सरकवून क्वायर उभी. डॉक्टरांचं संगीताबद्दल एकच मत होतं आणि ते त्यांनी धंद्यातून आणलं होतं: तोंड उघडलं की निम्मं काम झालं.

"दोन बोटं मावली पाहिजेत," ते म्हणत. "खालचा जबडा सोडा. तुमचाच आहे, पडणार नाही."

एके दिवशी हात हलवता हलवता त्यांची नजर मावशींवर गेली आणि तिथेच खिळली. आवाज काढायचा नसल्यामुळे मावशींचं सगळं लक्ष तोंडाकडे लागलेलं होतं. असं उघडलेलं तोंड डॉक्टरांनी खुर्चीत झोपवलेल्या पेशंटाचंसुद्धा पाहिलं नव्हतं.

"थांबा सगळे," ते म्हणाले. "मावशींकडे बघा. याला म्हणतात गाणं."

सगळ्यांनी पाहिलं. काचपेटीतले मासेही तोंड उघडत मिटत होते, तेवढे मात्र मावशींना बघवले नाहीत.

त्या दिवसापासून क्वायर मावशींसारखी गायला लागली. शेजारी उभी राहणारी नर्स तर मावशींच्या ओठांवरून डोळा हलवीना. तोंड नीट उघडायच्या नादात तिचा आवाज अर्धा झाला. तिचं पाहून पुढच्या ओळीतल्यांचा झाला. खर्जातल्या काकांचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपावर थाप. तेही आता कुजबुजल्यासारखे गाऊ लागले आणि वर, आपण किती सुधारलो, असं म्हणू लागले. क्वायर दिसायला अशी झाली, की फोटो काढावा. ऐकायला मात्र दिवसेंदिवस कमी येऊ लागली. डॉक्टरांनी आधी गालिचा काढून टाकला. मग पडदे काढले. मग दमट हवेला दोष दिला. आपल्या कानात मळ तर नाही ना, हेही पाहून झालं.

मावशींना सगळं कळत होतं. आपण एकटीच लबाडी करत होतो तोवर ती लबाडी होती. आता तिची शाळा निघाली होती.

छप्पर पुरं झालं. नव्या छपराखालच्या पहिल्या उपासनेला बिशप स्वतः येणार असं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सरावाच्या शेवटी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. आधीच फारसा आवाज नव्हता.

"पहिल्या गीताची पहिली ओळ एकटीने गायची आहे," ते म्हणाले. "ऑर्गनही अगदी हळू. ती ओळ मावशी म्हणतील. मग बाकीचे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींचा चेहरा धुऊन आलेल्या चादरीसारखा झाला. ऑर्गनवर बसणाऱ्या बाई जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून मावशींकडे एकदा पाहिलं, आणि वह्या तपासताना नक्कल सापडल्यावर बघतात तसं पुन्हा पाहिलं.

घरी नणंद शेंगा सोलत बसली होती. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. दोन खोल्यांत काही लपत नाही.

"देवाला फसवशील गं वहिनी," ती म्हणाली. "पण डॉक्टरला? त्याला तर सगळ्यांच्या तोंडातलं दिसतं."

"वन्सं, मी कोणाला फसवत नाही. मी गप्प आहे."

"तोंड एवढं उघडून गप्प राहणारी पहिलीच बाई पाहिली मी. घरात मिटून गप्प राहिली असतीस तर माझं अर्धं डोकं शाबूत राहिलं असतं." तिने दोन शेंगा सोलल्या. "कुठली ओळ आहे?"

मावशींनी चाल न लावता सांगितली. "उजाडलं रे जिवा, चल, ओंजळ घेऊन चल."

"चांगली आहे की. अवघड आहे का?"

"'ओंजळ'वर चाल डोंगर चढते."

"मग तू खाली उभी राहून हात हलव," नणंद म्हणाली. पण ते बोलताना तिने सोललेले दाणे मावशींच्या बाजूला सरकवले, आणि तिच्या लेखी हे म्हणजे गळ्यात पडून रडण्यासारखं होतं.

लॉन्ड्रीत दुपारी एक वेळ अशी येई, की सगळं पांढरं होऊन जाई. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी, त्यांतून उठणारी वाफ, आणि वाफेत कामाला असलेल्या बायका गुडघ्यापर्यंत ढगात उभ्या असल्यासारख्या. बोलणं विरून जाई. मावशींच्या हातातली इस्त्री पुढे जाई, मागे येई, आणि त्यांना वाटे आपण नदीच्या काठी आलोय. अशा वेळी लहानपणापासूनची गीतं त्यांच्यासमोरून वाहत जात. एक गेलं की दुसरं. मावशी एका धक्क्यावर उभ्या. प्रत्येक गीत त्यांच्यापाशी क्षणभर टेकायचं, तो एक सूर जुळायचा, की गीत पुढे निघून जायचं. त्यांना चढता येत नव्हतं आणि त्याला थांबता येत नव्हतं.

आणि मागे मोठा ड्रायर फिरत होता. त्याचा सूर नेमका मावशींचाच होता. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना हसूही आलं आणि रागही. साऱ्या गळ्यातून देवाने राखून राखून ठेवलं काय, तर ड्रायर.

"तीन दे," त्यांनी त्या वाफेत प्रार्थना केली. "मी काही सगळे मागत नाही. तीन दिलेस तर त्यांत भागवून घेईन. संसार भागवला तसा."

वाफ वर गेली. उत्तर आलं नाही. चादर जळाल्याचा वास मात्र आला आणि मावशींनी इस्त्री उचलली.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. सोफे परत जागेवर आले होते, पेशंट कोणी नव्हते. डॉक्टरांनी आतलं दार उघडलं.

"या मावशी, या. तुमच्याचसाठी थांबलो होतो म्हणा ना."

"डॉक्टर, मला एक सांगायचंय. कधीपासून सांगेन म्हणते. माझ्या तोंडाचं..."

"मग आधी नाही का यायचं? बसा."

"तसं नाही. मी त्या क्वायरमध्ये..."

"दुखत असताना गात होतात. मला संशय होताच, एवढं उघडतं म्हणजे आत काहीतरी असणार. बसा, बसा. उघडा."

आता इतक्या महिन्यांची सवय. 'उघडा' म्हटल्याबरोबर मावशींचं तोंड उघडलं. डोक्यावर दिवा आला, गालात कापूस आला, आणि त्यापुढे सगळं बोलणं डॉक्टरांनीच केलं. एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. देवाने तीन सूर दिले नव्हते, पण कीड ठेवली होती. डॉक्टरांनी सुई दिली. "सेवा म्हणजे हीच," ते म्हणाले. "दाढ ठणकतेय आणि माणूस गातोय. बाकीच्यांना सांगणार आहे मी हे." मावशींनी डोळ्यांनी, नका सांगू, असं म्हटलं. ते दुखण्याचं समजून डॉक्टरांनी आणखी थोडं औषध दिलं.

गाल हळूहळू निघून गेला. मग ओठ गेले, मग खुर्ची. वरचा दिवा तेवढा राहिला, तोही पसरत पसरत एक मोठी पांढरी चादर झाला. मावशींनी तिची दोन टोकं धरली. मोठी चादर घडी घालायला दोघी लागतात. लॉन्ड्रीत जोडीदारीण नसली की मावशी पलीकडची टोकं टेबलाच्या खणात चिमटून एकटीनेच घडी घालत, आणि घडी वाकडी येई. इथे खण नव्हता. टेबल नव्हतं. चादर तर इतकी लांब, की तिचं दुसरं टोक दिसतच नव्हतं. जमिनीला लोळणार, मळणार, असं वाटून मावशींनी आपली टोकं जरा ओढून पाहिली.

चादर ताणली गेली.

पलीकडे कोणीतरी धरली होती. कोण ते दिसलं नाही. मावशींनीही बघायचा फार प्रयत्न केला नाही. काम चालू असताना जोडीदारणीचं तोंड कोण बघत बसतं? हातालाच कळतं. पलीकडचा हात सवयीचा होता, ओढत नव्हता आणि सोडतही नव्हता. एवढ्या मोठ्या चादरीतली आपल्याकडे दोनच टोकं आहेत, आणि दोनच असायची असतात, असं मावशींना अगदी शांतपणे वाटलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "रविवारपर्यंत मोकळं होईल."

रस्त्यावरून घरी येताना अर्धा चेहरा दुसऱ्या कोणाचा तरी होता. दिवेलागणीची वेळ. दुकानांच्या काचांतून माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती.

"सांगितलंस?" नणंदेने विचारलं.

"नाही."

"का?"

"तोंड भरलं होतं."

नणंदेने वाकडा झालेला ओठ निरखला. "मग रविवारी काय करणार आहेस?"

"आहे तो देईन."

"एक?"

"एकच आहे, वन्सं. दोन कुठून आणू?"

"आणि उरलेली चाल?"

"तिचं तो बघेल."

"कोण, डॉक्टर?"

बधिर गाल उशीवर टेकून मावशी लवकरच निजल्या. नणंद मात्र उगीचच भांडी पुन्हा घासत बसली.

रविवारी नव्या छपराखाली चर्च अनोळखी वाटत होतं. रंगाचा वास होता, आणि उजेड भलत्याच जागी पडत होता. वर्षानुवर्षं अंधारात बसून डुलक्या काढणारी मंडळी त्यात उघडी पडून अवघडली होती. बिशप येऊन बसले. पाळकसाहेबांनी खूण केली. डॉक्टरांनी हात उचलला आणि मावशींकडे पाहून स्वतःचा जबडा सोडून दाखवला.

भूगोलाच्या बाईंनी ऑर्गनचा भाता पायांनी हलवून मावशींना सुरुवातीचा सूर दिला. तो मावशींकडे नव्हता. मावशींनी तो ऐकला, मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली आणि आपला होता तो लावला.

"उजाडलं रे जिवा..."

सूर बाहेर पडला. थोडा जाडसर, थोडा घोगरा, वापरलेला, पण सरळ. पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने डोळे उघडले. ऑर्गन क्षणभर बंद पडला. बाईंनी जन्मभर पोरांना नकाशावर न सापडणारी गावं शोधायला लावली होती. आता पाळी त्यांची आली होती. त्यांची बोटं पट्ट्यांवर हिंडली, आणि मग मावशींच्या सुराच्या खाली हळूच दुसरे सूर येऊन बसले.

"...चल..."

सूर तोच. पण आता तो कोणी अंगणातून हाक मारावी तसा वाटला. बाईंनी खालचे सूर बदलले. मावशी तिथेच होत्या, आणि त्याच सुरात आता आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा आवाज होता. पुन्हा बदलले. मावशी हलल्या नाहीत. हलता येतच नव्हतं. हलत होती ती खालची जमीन.

"...ओंजळ..."

इथे डोंगर होता. डॉक्टरांचा हात सवयीने वर चढला. सूर चढला नाही. हात एकटाच वर जाऊन तिथे थांबला. पण ऑर्गन खालून असा उघडत गेला, की सगळ्यांना वाटलं काहीतरी चढलं. काय चढलं ते कोणाला सांगता आलं नसतं. मावशींना स्वतःला एवढंच वाटलं की आपण एक साधी गोष्ट धरून उभ्या आहोत, आणि बाकी सगळं कोणीतरी करतंय.

"...घेऊन चल."

डॉक्टरांचा हात अजून हवेतच होता. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी तो खाली आणून क्वायरला इशारा केला.

आणि क्वायर गायली. त्यामागे काही मोठा चमत्कार नव्हता. नर्सने साधा विचार केला, की मावशींचं हे चालतं तर माझं का नाही? खर्जातल्या काकांनीही हाच विचार केला असावा, कारण त्यांचं पिंप पुन्हा दणाणलं. तोंडं वेडीवाकडी झाली, फोटोची शोभा गेली, आणि आवाज नव्या छपराला जाऊन लागला. मागच्या बाकावर नणंद तोंडाला पदर लावून बसली होती. शेजारणीने, शिंक आली का, असं विचारलं, तर म्हणाली, "नवा रंग आहे ना. झोंबतो."

बिशपांचं प्रवचन चांगलं होतं आणि लांबही होतं. त्याच्या आडोशाने डॉक्टर सरकत सरकत मावशींच्या मागे आले.

"मावशी," ते कुजबुजले, "'ओंजळ'वर वर जायचं होतं."

"जात नाही, डॉक्टर. एकच आहे."

"एकच काय?"

"सूर. तापात बाकीचे गेले."

डॉक्टर आणखी पुढे वाकले. "मग इतके महिने सरावात?"

"नुसतं उघडत होते."

एवढ्यात बिशपांचं एक वाक्य येऊन संपलं आणि दुसरं सुरू झालं. डॉक्टरांना गालिचा आठवला, पडदे आठवले.

"त्या दिवशी हेच सांगायला आला होतात?"

"हो."

"आणि मी दाढ भरली."

"चांगली भरलीत. आता गार पाणी पिता येतं."

डॉक्टरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मावशी समोर बघत बसल्या होत्या. जागा गेली तर गेली, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही.

"शेवटच्या गीतात," डॉक्टर अखेर म्हणाले, "तुमचा कितीदा येतो?"

"मोजला नाही. येतो अधूनमधून."

"आला की सोडू नका," ते म्हणाले, आणि आले तसे सरकत आपल्या जागेवर गेले.

शेवटचं गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. मावशी खिडकीपासूनच्या दुसऱ्या जागेवर होत्या, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड मिटलेलं होतं. पहिली ओळ आली, गेली. दुसरी आली. आजूबाजूला आवाज वर जात होते, खाली येत होते, नर्स जरा चुकत होती, काका जरा पुढे पळत होते. मावशींना कसलीही घाई नव्हती. हात एकावर एक ठेवून त्या ऐकत होत्या. मग तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सुरांचा सगळा घोळका फिरत फिरत त्यांच्या दाराशी आला, आणि मावशींनी तोंड उघडलं. फार नाही, लागेल तेवढंच.